शिक्षकांचं प्रशिक्षण मुलांपर्यंत का पोचत नाही, आणि काय केलं तर पोचतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्या संस्थेकडे दुर्गम भागातल्या ४० प्राथमिक शाळा आहेत. दरवर्षी मोठ्या सुट्टीत सगळ्या शिक्षकांचं ५ दिवसांचं निवासी प्रशिक्षण होतं. शिक्षक मनापासून येतात, शेवटच्या दिवशीचे अभिप्राय उत्तम असतात. तरी तीन वर्षांनंतरही तिसरीतली निम्मी मुलं साधा परिच्छेद वाचू शकत नाहीत. प्रशिक्षणात अजून काय घालावं, की शिक्षकांनाच बदलायचं नाही, असं तुम्ही विचारलं आहे.

शिक्षकांवर ठपका ठेवण्याची घाई करू नका, ही पहिली विनंती. आणि प्रशिक्षणात अजून काही घालूही नका. हॉलमधले दिवस कमी करा. त्यातून वाचेल तो पैसा, वेळ आणि तुमच्याकडची सगळ्यात चांगली माणसं वर्गात न्या. पैसा पुरत नसेल तर शाळांची संख्या कमी करा, वर्गभेटींची संख्या कमी करू नका. माझं उत्तर एवढंच आहे, पण खरा घोळ तपशिलात होतो, म्हणून पुढचं सविस्तर लिहिते.

माझ्या हातून झालेली चूक आधी सांगते. वाचन कसं शिकवावं यावरचं एक सत्र मी बरीच वर्षं घ्यायचे. अक्षरकार्डं, खेळ, गोष्ट, गटवाचन, सगळं त्यात होतं आणि शिक्षक रमायचे. एकदा प्रशिक्षणानंतर सहा आठवड्यांनी त्यातल्या एका बाईंच्या वर्गात गेले. माझे तक्ते भिंतीवर नीट लावलेले होते. बाईंनी पुस्तकातलं एक वाक्य वाचलं, वर्गाने ते एका सुरात म्हटलं. पुढचं वाक्य, पुन्हा तसंच. शेवटच्या रांगेतला एक मुलगा खणखणीत आवाजात म्हणत होता आणि त्याचं बोट भलत्याच परिच्छेदावर फिरत होतं. शेजाऱ्याने पान उलटलं की हाही उलटायचा. तो वाचत नव्हता, ऐकून म्हणत होता. मधल्या सुट्टीत मी बाईंना विचारलं, आपण शिकलो ते गटवाचन जमलं नाही का? त्या म्हणाल्या, ‘‘मॅडम, तुमच्या वर्गात आम्ही तीसजण होतो आणि सगळ्यांना वाचता येत होतं. माझ्याकडे ५८ मुलं आहेत, दोन इयत्तांची. एक गट माझ्यापाशी वाचत असताना बाकीच्यांनी काय करायचं, ते तुम्ही सांगितलं नव्हतं.’’

खरंच सांगितलं नव्हतं. मला ते सुचलंही नव्हतं, कारण हॉलमध्ये तो प्रश्न पडतच नाही. त्या बाईंना बदलायचं नव्हतं असं नाही. त्यांनी दोनदा करून पाहिलं होतं, वर्गात गोंधळ माजला, शेजारच्या वर्गातून तक्रार आली आणि त्या जुन्या, शांत पद्धतीवर परतल्या. त्या दोन प्रयत्नांच्या वेळी कुणी वर्गात असतं, तर तिसरा प्रयत्न झाला असता. माझं सगळं काम पुढे या एका गोष्टीभोवती फिरलं.

हे माझ्यापुरतं नाही. चीनच्या राष्ट्रीय शिक्षक-प्रशिक्षण कार्यक्रमाचा ग्रामीण भागातल्या गणित शिक्षकांवर मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. काही शिक्षकांना नुसतं प्रशिक्षण, काहींना सोबत पाठपुरावा, काहींना पाठपुरावा आणि मूल्यमापन असे गट होते. वर्षाच्या शेवटी मुलांच्या गुणांत कुठल्याच गटाने फरक दाखवला नाही. संशोधकांनी कारणं दिली ती ओळखीची आहेत: मजकूर फार सैद्धांतिक, देण्याची पद्धत व्याख्यानाची आणि वर्गात वापरायला कठीण. विकसनशील देशांत शिक्षणावरचा पैसा कुठे लावावा याबद्दल सल्ला देणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०२० च्या अहवालात सर्वसाधारण स्वरूपाचं शिक्षक-प्रशिक्षण सरळ ‘वाईट खरेदी’च्या यादीत टाकलं. त्याच अहवालात चांगल्या गुंतवणुकींमध्ये एक गोष्ट होती, ती म्हणजे पाठांची तयार आखणी, मुलांच्या हातात पुस्तकं, नेमकं प्रशिक्षण आणि सतत मार्गदर्शन हे सगळं एकत्र देणं. चारही एकत्र, हे महत्त्वाचं. त्याकडे पुन्हा येईन.

आधी दक्षिण आफ्रिकेतला एक प्रयोग सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं इतकं थेट उत्तर दुसरीकडे क्वचितच मिळतं. तिथल्या नॉर्थ वेस्ट प्रांतात, मुलांना सेत्स्वाना या त्यांच्या भाषेतून वाचायला शिकवणाऱ्या शिक्षकांवर तो झाला. दोन गटांना अगदी तेच साहित्य दिलं: रोजच्या पाठाची आखणी आणि सोप्याकडून कठीणाकडे जाणारी वाचनपुस्तकं. पहिल्या गटातल्या शिक्षकांना वर्षातून दोनदा एका ठिकाणी बोलावून प्रशिक्षण दिलं. दुसऱ्या गटातल्या शिक्षकांकडे अनुभवी मार्गदर्शक ठरावीक काळाने वर्गात जात राहिले. दोन वर्षांनी वर्गभेटींच्या गटातल्या मुलांची प्रगती प्रशिक्षणाच्या गटापेक्षा साधारण दुप्पट होती. वर्गभेटी महाग पडल्या, तरी खर्चाच्या मानाने मिळालेला परिणाम पाहिला तर त्याच किफायतशीर ठरल्या.

आता वर्गभेट म्हणजे काय, ते नीट सांगायला हवं, कारण या शब्दाखाली बऱ्याच ठिकाणी तपासणी चालते. अधिकारी येतात, हजेरीपट पाहतात, टाचणवही पाहतात, सही करतात, दोन सूचना देतात आणि जातात. शिक्षकाला यातून कळतं ते एवढंच की कागद नीट ठेवायचे. मी ज्या भेटीबद्दल बोलते आहे ती वेगळी असते. मार्गदर्शक पाठ सुरू होण्याआधी येतो आणि शिक्षकाला विचारतो, आज कुठे अडेल असं वाटतं? मग पूर्ण पाठभर मागे बसतो, पण शिक्षकाकडे कमी आणि मुलांकडे जास्त बघतो. पाठ संपल्यावर तीन-चार मुलांना जवळ घेऊन तेच पान वाचून घेतो, शिक्षकाच्या देखत. त्यानंतरचं बोलणं त्या मुलांबद्दल होतं, त्यामुळे शिक्षकाला स्वतःचा बचाव करावा लागत नाही. ‘‘तुम्ही गटवाचन नीट घेतलं नाहीत’’ असं म्हटलं की संभाषण संपतं. ‘‘या मुलीने पहिला शब्द वाचला आणि बाकी चित्र पाहून सांगितलं, तुमच्या लक्षात आलं का?’’ असं विचारलं की ते सुरू होतं.

आणि प्रत्येक भेटीत एकच गोष्ट ठरवायची. उद्यापासून कोणता एक बदल, किती मिनिटांचा, पाठात नेमका कुठे, हे शिक्षकाच्या वहीत शिक्षकाच्याच अक्षरात लिहायचं. पुढच्या भेटीची सुरुवात त्या ओळीपासून. नवीन मार्गदर्शक पहिल्या महिन्यात एका भेटीत सात-आठ सुधारणा सांगतात, कारण त्यांना सगळं दिसत असतं. त्यांना थांबवणं हे माझं निम्मं काम असायचं. गरज पडली तर मार्गदर्शकाने खडू हातात घेऊन दहा मिनिटं स्वतः शिकवून दाखवावं, त्याच मुलांना, त्याच गर्दीत. ज्याला हे जमत नाही, त्याला मार्गदर्शक नेमू नका, मग त्याच्याकडे कितीही पदव्या असोत.

दुसरी महत्त्वाची गोष्ट मजकुराची. ‘मुलांना सहभागी करून घ्या’, ‘आनंददायी शिक्षण’, ‘प्रश्न विचारायला प्रवृत्त करा’ हे सगळं खरं आहे, पण उद्या सकाळी हातच्याची वजाबाकी शिकवायची असेल तर त्यातलं काहीही हाताशी येत नाही. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये मांडलेली एक कल्पना इथे फार उपयोगी आहे. विषय येणं वेगळं आणि शिकवण्याच्या सर्वसाधारण युक्त्या माहीत असणं वेगळं. या दोहोंच्या मधे तिसरं एक ज्ञान असतं, ते म्हणजे हा विषय मुलांच्या डोक्यात कुठे अडतो आणि तिथून त्यांना कसं पुढे न्यायचं, याचं ज्ञान. प्रशिक्षणात सगळ्यात कमी वेळ यालाच मिळतो.

उदाहरण घ्या. मुलाने ४३ वजा १८ बरोबर ३५ असं लिहिलं. बहुतेक ठिकाणी त्यावर लाल फुली पडते आणि फळ्यावर पुन्हा तीच रीत उतरवली जाते. पण हे उत्तर आलं कुठून? मुलाने एककाच्या घरात ३ आणि ८ पाहिले, मोठ्यातून लहान वजा करायचं हे त्याला पक्कं माहीत आहे, म्हणून ८ मधून ३ काढले, ५ उरले. दशकाच्या घरात ४ मधून १, उरले ३. चूक आहे, पण अगदी नियमाने केलेली. या मुलाला ४३ म्हणजे ४ दशक आणि ३ एकक हे सांगता येईल, पण त्यातलं एक दशक सोडून १० सुटे करता येतात हे त्याने हाताने कधी केलेलं नाही. त्याला रीत पुन्हा सांगून काही मिळणार नाही. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे द्या, ४ गठ्ठे आणि ३ सुट्या काड्यांमधून १८ काढायला सांगा. गठ्ठा सोडायची वेळ येते तेव्हा तो आपणच थबकतो. त्या थबकण्याजवळ शिक्षकाने असायला हवं.

मी पुढे प्रशिक्षणाचा अर्धा दिवस एवढ्यावरच घ्यायला लागले. शिक्षकांनी आपापल्या वर्गातल्या दहा वह्या आणायच्या. चुका कापून टेबलावर पसरायच्या आणि सारख्या दिसणाऱ्या चुका एकत्र करायच्या. नावं देऊ नका, गुण देऊ नका, फक्त ‘हे मूल काय विचार करत असेल’ एवढंच बोला. पहिल्या तासाभरात अनेकजण ‘निष्काळजीपणा’ म्हणतात. दुसऱ्या तासात कुणीतरी म्हणतं, अरे, ही सगळी एकाच पद्धतीने चुकली आहेत. त्यानंतर हॉलमध्ये जी चर्चा होते, ती कुठल्याही व्याख्यानाने होत नाही. तुमच्या प्रशिक्षणातलं एकच सत्र बदलायची मुभा असेल तर हे बदला.

आता साहित्याबद्दल. शिक्षक मार्गदर्शिका, म्हणजे रोजचा पाठ पायरीपायरीने लिहून दिलेली पुस्तिका, या विषयावर वाद होतो. शिक्षकाला बाहुली केलं जातं, त्याची सर्जनशीलता जाते, असं म्हणतात. ही काळजी मला मान्य आहे, आणि पुराव्यातही तिला आधार आहे. केनियात आणि इतर देशांत वापरल्या गेलेल्या मार्गदर्शिकांचा अभ्यास झाला तेव्हा शब्दन् शब्द लिहून दिलेल्या पुस्तिकांपेक्षा मोजका आराखडा देणाऱ्या पुस्तिका अधिक उपयोगी दिसल्या, आणि शिक्षक त्यात आपल्या वर्गाप्रमाणे बदल करतात हेही दिसलं. पण ज्याला तीन इयत्ता एका खोलीत शिकवायच्या आहेत, ज्याचं स्वतःचं शिक्षण कसंबसं झालं आहे, त्याला ‘तुम्ही सर्जनशील व्हा’ म्हणून रिकाम्या हाताने सोडणं हा त्याचा सन्मान नाही. एका पाठाला दोन पानं पुरतात: काय बोलायचं याचे दोन-तीन नमुने, मुलांनी काय करायचं आणि न जमलेल्या मुलांसाठी एक उपाय. मुलांच्या हातात पुस्तक मात्र प्रत्येकी एक हवं. पाच मुलांत एक पुस्तक असेल तर बाकी चौघं त्या शेवटच्या रांगेतल्या मुलासारखी ऐकून म्हणायला शिकतात. केनियाने २०१५ पासून देशभर राबवलेल्या ‘तुसोमे’ कार्यक्रमात ही सगळी अंगं एकत्र होती: प्रत्येक मुलाला पुस्तक, शिक्षकाला मार्गदर्शिका, आणि सरकारच्याच अधिकाऱ्यांच्या हातात टॅबलेट, ज्यावर ते वर्गातल्या पाठाची आणि काही मुलांच्या वाचनाची नोंद करत. प्रवासखर्चाची सोय त्या भेटींच्या नोंदीशी जोडलेली होती, हा भाग मला विशेष आवडतो. ज्यांनी शाळेत जायचं त्यांना जाण्याचे पैसे मिळत नसतील तर भेटी कागदावरच होतात.

युगांडातला एक प्रयोग तुम्ही जरूर लक्षात ठेवा, कारण तुमच्यासमोर लवकरच हाच मोह येईल. उत्तरेकडच्या लँगो भागात मुलांना मातृभाषेतून वाचायला-लिहायला शिकवण्याचा एक कार्यक्रम होता. पूर्ण स्वरूपात राबवला तिथे वाचनात फार मोठी प्रगती झाली. त्याच वेळी काही शाळांत त्याची स्वस्त आवृत्ती करून पाहिली. शिक्षकांना थेट प्रशिक्षण देण्याऐवजी सरकारी प्रशिक्षकांमार्फत दिलं, मदतीच्या भेटी कमी केल्या, मुलांच्या पाट्या काढून टाकल्या. वाचनातला फायदा बराच आटला, आणि लेखनाच्या काही भागांत तर कार्यक्रम अजिबात नसलेल्या शाळांपेक्षाही मुलं मागे पडली. थोडं कमी केलं तर थोडा कमी फायदा होईल, असं आपण गृहीत धरतो. तसं होत नाही. कधीकधी काढलेला तुकडाच भार पेलत असतो.

एकाने दहांना, दहांनी शंभरांना शिकवायचं, या ‘कॅस्केड’ पद्धतीतही हेच होतं. पहिल्या पायरीवर तज्ज्ञ वह्या पसरून चर्चा घेतो. दुसऱ्या पायरीवर वेळ कमी म्हणून चर्चेऐवजी स्लाइड येतात. तिसऱ्या पायरीवर स्लाइड वाचून दाखवल्या जातात, कारण दाखवणाऱ्याने स्वतः ते वर्गात कधी करून पाहिलेलं नसतं. आधी गळतो तो सराव. घोषवाक्यं शेवटपर्यंत टिकतात.

मुलांच्या पातळीचा प्रश्न प्रशिक्षणापासून वेगळा काढता येत नाही. तिसरीच्या वर्गात अक्षरओळख नसलेलं मूल आणि गोष्ट वाचणारं मूल शेजारी बसलेलं असतं, आणि शिक्षकावर तिसरीचं पुस्तक वेळेत संपवायची सक्ती असते. ‘प्रथम’ या संस्थेने मुलांना इयत्तेऐवजी त्यांच्या पातळीनुसार गटांत बसवून शिकवण्याची पद्धत उभी केली आणि तिच्यावर बरेच प्रयोग झाले. बिहारमध्ये सरकारी शिक्षकांना या पद्धतीचं प्रशिक्षण आणि साहित्य दिलं, तर शाळेच्या दिवसात काहीही फरक पडला नाही. पण सरकारी शिक्षकांनीच हीच पद्धत उन्हाळी वर्गात वापरली तेव्हा मुलं पुढे गेली. शाळेच्या दिवसात त्यांचं लक्ष अभ्यासक्रम पुरा करण्याकडे होतं, उन्हाळ्यात ते ओझं नव्हतं. पुढे हरियाणात शाळेच्या वेळापत्रकातच या कामासाठी रोज एक तास वेगळा ठेवला, पर्यवेक्षकांनी आधी स्वतः काही दिवस मुलांचे वर्ग घेतले आणि मगच ते शिक्षकांना मदत करायला गेले. तिथे भाषेत सुधारणा दिसली.

म्हणून तुम्हाला सांगते, तुमच्या शाळांच्या वेळापत्रकात नव्या पद्धतीला जागा आहे का, हे आधी पाहा. मुख्याध्यापकांशी आणि वरच्या कार्यालयाशी बोलून रोजचा एक तास लेखी मंजूर करून घ्या. तो नसेल तर जगातलं सर्वोत्तम प्रशिक्षण देऊनही शिक्षक तेच करणार जे त्याच्याकडून तपासलं जातं. शिवाय तासच पूर्ण होत नसतील तर आणखीच वेगळी अडचण. आफ्रिकेतल्या ७ देशांतल्या प्राथमिक शाळांच्या पाहणीत मुलांना दिवसाला प्रत्यक्ष शिकवणं मिळत होतं ते साधारण २ तास ५० मिनिटं, ठरलेल्या वेळेच्या निम्म्याहून थोडं जास्त. शिक्षक शाळेत नसतात, किंवा असतात पण कसले तरी तक्ते भरत असतात. त्याला प्रशिक्षण हे औषध नाही.

शिक्षकांच्या आपसातल्या बैठकी फार कामाच्या आहेत, पण त्यांना विषय हवा. कोलंबियात १९७० च्या दशकात सुरू झालेल्या ‘एस्कुएला नुएवा’ या बहुवर्ग, म्हणजे एकाच शिक्षकाकडे अनेक इयत्ता असलेल्या, ग्रामीण शाळांच्या कार्यक्रमात जवळपासच्या शाळांचे शिक्षक छोट्या गटांत नियमित भेटत आणि आपापले प्रश्न मांडत. जपानमध्ये शिक्षक मिळून एक पाठ आखतात, एकजण तो शिकवतो, बाकीचे मुलांचं निरीक्षण करतात आणि मग चर्चा होते. हीच पद्धत झांबियानेही जपानच्या मदतीने आपल्या शाळांत नेली. या बैठकींचा जीव त्या एका पाठात असतो. तो काढला की बैठक परिपत्रकं वाचण्याची होते.

मोबाइलवरून मार्गदर्शन करता येईल का, असंही तुम्ही विचारलं आहे. दक्षिण आफ्रिकेतच, म्पुमलांगा प्रांतात, इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांच्या एका गटाला वर्गात येणारा मार्गदर्शक आणि दुसऱ्याला टॅबलेट व फोनवरून मार्गदर्शक असा प्रयोग झाला. पहिल्या वर्षी दोन्ही गट सारखेच पुढे गेले, आणि साहजिकच सगळ्यांना आनंद झाला. तीन वर्षांनी चित्र वेगळं होतं: वर्गात येणाऱ्या मार्गदर्शकाच्या शाळांत इंग्रजी बोलणं-समजणं आणि वाचन दोन्ही सुधारलं होतं, फोनवरच्या गटात बोलण्या-समजण्यात थोडी सुधारणा होती आणि वाचनात नव्हती. फोन दोन भेटींच्या मधे जरूर वापरा. शिक्षकाने पाठवलेलं वहीचं छायाचित्र, दोन मिनिटांचं बोलणं, विसरलेल्या ओळीची आठवण, एवढ्यासाठी तो छान आहे. मागच्या रांगेतलं बोट फोनवरून दिसत नाही.

सेवापूर्व शिक्षणावर, म्हणजे नोकरीआधीच्या पदविका-पदव्यांवर, तुमचा अधिकार चालत नसेल म्हणून थोडक्यात. युनेस्कोच्या अंदाजानुसार २०३० पर्यंत जगाला आणखी ४ कोटी ४० लाख शिक्षक लागतील. गरज इतकी मोठी असली की भरती घाईने होते आणि अनेकजण जेमतेम तयारीने वर्गात उभे राहतात. तुमच्याकडे येणाऱ्या नव्या शिक्षकाला पहिले दोन महिने चांगल्या शिक्षकाच्या वर्गात रोज निदान एक तास बसू द्या, आणि पहिलं वर्षभर त्याच्याकडे भेटी दुप्पट ठेवा. नव्यांना सगळ्यात अवघड वर्ग देण्याची पद्धत असेल तर ती बंद करा. आणि घरची भाषा वेगळी असलेल्या मुलांचा वर्ग असेल तर ती भाषा येणारा शिक्षकच पहिलीला द्या. पुढची सगळी पद्धत त्यावर उभी राहते.

आता तुमच्या ४० शाळा. सगळ्या इयत्तांना हात घालू नका. पहिली ते तिसरीला शिकवणारे शिक्षक घ्या, ते साठेक असतील असं धरते. त्यांना ४ मार्गदर्शक लागतील, प्रत्येकाकडे १० शाळा आणि १५ शिक्षक. तीन आठवड्यांचे कामाचे १५ दिवस होतात. त्यातले १० दिवस रोज एक शाळा, म्हणजे दीड शिक्षक सरासरी, आणि उरलेले ५ दिवस तयारी, नोंदी आणि चौघांनी एकत्र बसून एकमेकांच्या भेटींवर बोलण्यासाठी. प्रत्येक शिक्षकाला तीन आठवड्यांतून एक पूर्ण भेट मिळते. याहून विरळ झाली तर मधे धागा तुटतो. हे मार्गदर्शक तुमच्या शिक्षकांमधूनच निवडा, ज्यांच्या वर्गातली मुलं खरंच वाचतात असे. त्यांना चांगला पगार, प्रवासखर्च वेळेवर आणि वर्षातून काही आठवडे स्वतः वर्ग घेण्याची सक्ती. शेवटची अट गाळू नका, एरवी दोन वर्षांत ते साहेब होतात.

पाच दिवसांचं प्रशिक्षण वर्षभरात पसरा. सुरुवातीला दोन दिवस, फक्त पहिल्या आठ आठवड्यांच्या पाठांवर आणि त्या पाठांच्या सरावावर. नंतर आठ-नऊ आठवड्यांनी एकेक दिवस, असे तीन, जवळच्याच शाळेत, वह्या घेऊन. निवासी व्यवस्थेचा खर्च वाचेल, पण चार पगार त्यात बसणार नाहीत हे मला माहीत आहे. बसत नसतील तर १० शाळांपासून सुरू करा, एका मार्गदर्शकाने. ४० शाळांना पातळ करून वाढू नका. आणि वाढवताना सांभाळून. मार्गदर्शनाच्या ६० अभ्यासांचा एकत्र आढावा २०१८ मध्ये घेतला गेला. त्यातले बहुतेक अमेरिकेतले होते आणि तिथेही कार्यक्रम मोठे झाले तसा परिणाम घटला होता. चांगले मार्गदर्शक घाईने तयार होत नाहीत.

अभिप्रायाचे अर्ज बंद केले तरी चालतील. त्याऐवजी प्रत्येक वर्गातल्या यादृच्छिकपणे निवडलेल्या सहा मुलांकडून वर्षातून तीनदा वाचून घ्या: अक्षरं, शब्द, सोपा परिच्छेद, एक गोष्ट, आणि गोष्टीवर दोन प्रश्न. मूल कोणत्या पायरीवर आहे एवढंच लिहायचं. हे आकडे शिक्षकाच्या पगाराशी किंवा बदलीशी जोडू नका. जोडले की पुढच्या वेळी कच्ची मुलं त्या दिवशी शाळेत नसतील.

सुरुवात करायच्या आधी एक काम तुम्ही स्वतः करा. तीन शाळा निवडा, प्रत्येकीत तिसरीच्या वर्गात एक पूर्ण पाठ मागे बसून पाहा आणि नंतर पाच मुलांकडून तेच पान वाचून घ्या. कोण वाचतं, कोण ऐकून म्हणतं, शिक्षक कोणाकडे बघून शिकवतात आणि एका पाठात मुलांच्या हातात पुस्तक किती मिनिटं असतं, एवढं टिपून ठेवा. त्या नोंदी मला पाठवल्यात तर पहिल्या आठ आठवड्यांत नेमकं कोणतं कौशल्य घ्यायचं, ते आपण ठरवू.